त्र्यंबकराव आंघोळीला बसले आहेत

गावाला जाताना घरातला बंब भरून ठेवावा की रिकामा करून ठेवावा, या प्रश्नावरून ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या आळीत एके वर्षी चांगले रण माजले होते, असे सांगितले तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. आता घरोघर बंब झाले. माणसे त्यांच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहत नाहीत. पण ही गोष्ट राणीच्या राज्यातली. तेव्हा आंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यात तापायचे, आणि तेही स्वयंपाक उरकून चुलीला सवड झाली तर.

अशा काळात त्र्यंबकरावांनी थेट नाशकाहून तांब्याचा बंब आणवला. त्र्यंबकराव जिल्हा कोर्टात कारकून होते. पगडी सरळ, अक्षर वळणदार आणि अब्रू नाकाच्या शेंड्यावर ठेवलेली, म्हणजे कोणाचाही धक्का तिला आधी लागायचा. ठाण्याचा दौलत तांबट म्हणाला होता, "रावसाहेब, नाशिक कशाला? मी घडवून देतो की."

त्यावर त्र्यंबकराव म्हणाले, "तू घागरी घडव, दौलत. बंब हे भांडं नव्हे. ते यंत्र आहे."

हे वाक्य त्यांना फार आवडले, म्हणून त्यांनी ते आळीभर सांगितले. बंब पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ते छडीने दाखवून समजावत: पोटात विस्तव, भोवती पाणी, वरून गार ओतावे, तोटीतून कढत घ्यावे, आणि पाण्यावाचून विस्तव कधीही, कधीही घालू नये, नाहीतर सांध्यांचा डाख वितळून यंत्राची राखरांगोळी. येणारे माना डोलवत आणि मनात म्हणत, एवढे सोवळे तर आमच्या देवघरातसुद्धा नाही.

आणि मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली.

सगुणाबाई त्यांची पत्नी. कल्याणची माहेरवाशीण. ठाण्याहून कल्याण ते किती लांब! आगगाडीत बसून पानाचा डबा उघडावा, पान नीट चघळून होईतो उतरायची वेळ येते. पण लग्न झाल्यापासून आईच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगुणाबाईंना एकदाही जायला मिळाले नव्हते. एका वर्षी सासूबाई पडल्या, एका वर्षी नणंदेचे बाळंतपण, एका वर्षी घरात गोवर. दर अक्षय्य तृतीयेला कल्याणात आईच्या ओसरीवर बायका पन्हे पीत आणि विचारत, "सगुणा नाही का आली?" तेव्हा सगुणाबाई ठाण्यात कोणाचे तरी कपाळ चेपत बसलेल्या असत. या वर्षी त्यांनी फाल्गुनातच सांगून टाकले, "यंदा मी गौरीला जाणार."

"जाऊ की," त्र्यंबकराव म्हणाले. "पण बंबाचं काय?"

"त्याला आईनं बोलावलेलं नाही," सगुणाबाई म्हणाल्या.

आता रण माजले ते असे. शेजारच्या हौसाबाईंचे मत, बंब काठोकाठ भरून जा. रिकामे भांडे मागे ठेवून उंबरा ओलांडू नये, लक्ष्मी रुसते. पलीकडच्या घरातून निरोप आला की भरून ठेवला तर पाणी कळकेल, किडे होतील, आणि परत आल्यावर तुम्हीच त्या पाण्याने आंघोळ कराल. हौसाबाई म्हणाल्या, ज्यांच्या घरी साधी कळशी गळते त्यांनी बंबावर बोलू नये. अबोला तिथूनच सुरू झाला. त्र्यंबकराव दोन्ही बाजू निकालपत्रासारख्या ऐकून घेत होते, तेवढ्यात महिपतराव काठी टेकीत आले.

महिपतराव म्हणजे मामलेदार कचेरीतले पेन्शनर. समोरच राहायचे. फौजदारी दप्तर आपल्या हातांखालून गेले आहे, असे ते पहिल्या भेटीतच सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत.

"भरलेला, रिकामा, हे बायकी बोलणं झालं," ते म्हणाले. "मुद्दा वेगळाच आहे. चोर कुलूप बघत नाही, त्र्यंबकराव. चोर धूर बघतो. ज्या घरामागून सकाळी धूर निघाला नाही ते घर त्याचं."

त्र्यंबकरावांनी लगेच वळून मोरीकडे पाहिले. "मग काय करावं?"

"तुम्ही गेलात हे कोणालाही कळता कामा नये. किल्ली माझ्याजवळ द्या. मी मागल्या दाराने येईन, बंब पेटवीन, धूर काढीन आणि जाईन. सगळ्यांना वाटेल, राव घरात आहेत."

"पण मग त्या तापलेल्या पाण्याचं?"

महिपतराव आभाळाकडे पाहत म्हणाले, "पाणी काय... बघू काहीतरी."

इथे त्र्यंबकरावांना एक गोष्ट आठवायला हवी होती. महिपतरावांच्या दुखऱ्या गुडघ्यांना कढत पाणी हवे असताना सून त्यांना आंघोळीला कोमट पाणी काढते, यावरून त्या घरात रोज सकाळी दप्तर उघडायचे, आणि साऱ्या आळीला ते तोंडपाठ होते. पण बंबाच्या प्रेमात पडलेल्या माणसाला दुसऱ्याची गुडघेदुखी दिसत नाही.

ठरल्याप्रमाणे सगुणाबाई धाकट्या भावाबरोबर, मारुतीबरोबर, भरदिवसा पुढे गेल्या. त्र्यंबकराव दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला निघाले, पाऊस नसताना छत्री उघडून, तोंड झाकून. वाटेत त्यांना कोणी ओळखले नाही. खरे म्हणजे एकदोघांनी ओळखले, पण उन्हाळ्यात संध्याकाळी छत्री घेऊन पळणारा माणूस त्र्यंबकराव असेल यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

सासुरवाडीला जावयाची स्थिती देव्हाऱ्यातल्या देवासारखी. पाटावर बसवतात, नैवेद्य दाखवतात, पण जागचे हलू देत नाहीत. आंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यातले आणि धुरकट वासाचे. पहिला तांब्या अंगावर घेतला की त्र्यंबकराव म्हणत, "आमच्या बंबात..." आणि मोरीच्या दाराबाहेरून मारुती म्हणे, "भावोजी, काळजी नको. मी गच्चीवरून पाहिलं. ठाण्याच्या बाजूला बारीक धूर दिसतोय. तुमचाच असणार."

त्र्यंबकराव एकदा खरोखरच गच्चीवर जाऊन पाहून आले.

सगुणाबाई मात्र माहेरात विरघळून गेल्या होत्या. गौरीसाठी आरास, कैऱ्यांचे ढीग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, अंगणात सारवण. हसताना त्यांच्या गालाला खळी पडते हे त्र्यंबकरावांना कल्याणात कळले. ठाण्यात हसायला वेळ होता कुणाला?

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दुपारी विमलाबाई आल्या. या सगुणाबाईंच्या दूरच्या काकू, ठाण्यातच राहणाऱ्या. त्र्यंबकराव माळ्यावर वामकुक्षी करत होते. खालून हुंदका ऐकू आला.

"वहिनी, कसं हो झालं हे? सोन्यासारखी पोर! नवऱ्यानं टाकली म्हणे?"

"कोणी टाकली?" सासूबाईंचा आवाज.

"लपवू नका मजपासून. सगळं ठाणं बोलतंय. सगुणा बोचकं घेऊन माहेरी गेली, आणि राव दारं लावून घरात. कोणाला भेटत नाहीत. सकाळपासून नुसता धूर. कोणी विचारलं की समोरचे महिपतराव सांगतात, राव आंघोळीला बसलेत. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ! डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय? मी स्वतः दार वाजवलं. आतून ओरडले, 'मी आंघोळीला बसलोय! उद्या या!'"

"कोण ओरडलं?"

"जावई तुमचे!"

यावर जावई माळ्यावरून शिडीच्या दोन पायऱ्या चुकवून खाली आले. विमलाबाईंनी किंकाळी फोडली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हे इथे! मग तिथे आंघोळ कोण करतंय?"

हा प्रश्न सुईसारखा त्र्यंबकरावांच्या काळजात गेला. आपल्या मोरीत, आपल्या बंबापाशी, आपल्या नावाने कोणीतरी न्हात आहे! ते तत्काळ पगडी शोधू लागले. पण ठाण्याकडची त्या दिवसाची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्र त्यांनी कशीबशी काढली.

सकाळी निघताना सगुणाबाई दारापर्यंत आल्या. त्या काळी बायका नवऱ्याशी चारचौघांत बोलत नसत, म्हणून त्या दाराच्या चौकटीशी बोलल्या.

"विमलाकाकू टेसनापासून घरापर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत आल्यात. आज संध्याकाळी सगळं कल्याण आमच्या ओसरीवर असेल. मी कुंकू लावायला पुढे झाले की जी ती माझ्या तोंडाकडे बघणार आणि विचारणार, जावई कुठेत? इतक्या वर्षांनी मी गौरीला आलेय. गौरीपुढे समया लागायच्या आत इकडून परत यायला हवं. बंब राहो नाहीतर जावो."

चौकटीच्या वतीने त्र्यंबकराव म्हणाले, "येतो. म्हणजे येतोच."

ठाण्यात ते आळीत शिरले तेव्हा घरामागून धुराचा झकास लोट निघत होता. ओटीवर चढून त्यांनी दार वाजवले.

आतून खर्जातला आवाज आला, "कोण आहे?"

"मी त्र्यंबकराव!"

"त्र्यंबकराव आंघोळीला बसलेत. उद्या या!"

"अहो, त्र्यंबकराव मी आहे!"

आत तांब्या आदळला. मग आतला आवाज, थोडा खालच्या पट्टीत, पण अधिकाराने म्हणाला, "पुरावा काय?"

एव्हाना हौसाबाई बाहेर आल्या होत्या. पलीकडचे अबोल्याचे घरही बाहेर आले. रस्त्याने जाणारे थांबले. स्वतःच्या ओटीवर, स्वतःच्या दारासमोर, स्वतःचे नाव ओरडून सांगणारा माणूस ठाण्याने आधी पाहिला नव्हता. "मी म्हटलं नव्हतं, डोक्यावर परिणाम झालाय?" कोणीतरी म्हणाले. "पण मग आत कोण?" दुसरा म्हणाला. "परिणाम झाला की माणूस दोन ठिकाणी दिसतो," तिसऱ्याने खुलासा केला.

"महिपतराव!" त्र्यंबकराव गरजले. "बंबात पाणी आहे ना?"

आत काहीतरी धडपडले. या सगळ्या सवालजबाबात महिपतराव तोटीतून शेवटचा थेंब घेऊन बसले होते, वर गार ओतायचे राहिले होते, आणि खाली विस्तव मात्र फुललेला. प्रश्न ऐकताच त्यांना फौजदारी दप्तरातले सगळे गुन्हे एकदम आठवले असावेत. त्यांनी गार पाण्याची कळशी उचलली आणि तापून लाल झालेल्या रिकाम्या बंबात ओतली.

जो आवाज झाला तो मासुंदा तळ्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. म्हणणारे ठाणेकर आहेत, तेव्हा निम्मे धरावे. मागल्या दाराने वाफ, राख आणि महिपतराव असे एकदम बाहेर पडले. अंगावर त्र्यंबकरावांचा सणासुदीचा रेशमी मुकटा, डोक्यापासून पायापर्यंत राखेचा लेप.

"चोर नाही शिरला," महिपतराव धापा टाकत म्हणाले. "एवढं मान्य करा."

त्र्यंबकरावांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते मोरीत गेले. बंब तिरका होऊन बसला होता. खालचा सांधा उकलला होता आणि त्यातून काळे पाणी ठिबकत होते. त्र्यंबकराव त्या ओल्या राखेत उकिडवे बसले. आवाजाने जमलेली माणसे हळूच पांगली. इतके दुःख उघड्यावर पाहू नये एवढी रीत त्या काळी होती. राहिल्या फक्त हौसाबाई.

"दौलतला बोलवा," त्या म्हणाल्या. "डाख लावून देईल."

दौलत! त्र्यंबकरावांना आपले आवडते वाक्य आठवले. "नको. कल्याणला तांबट आहेत. मी बरोबरच घेऊन जातो."

"आगगाडीतून? हे धूड? बरं, मी सांगते तसं करा. नुसतं नेऊ नका. वर नारळ ठेवा, आंब्याची पानं लावा, हळदकुंकू वाहा. कलशाला कोणी अडवत नाही."

हौसाबाईंनी चिंचेने बंब लखलखीत घासला. धुराड्याच्या तोंडावर नारळ असा बसला की जणू नाशकाच्या कारागिराने त्याच्याच मापाने घडवले होते. पोटाला पांढरा दोरा गुंडाळला. हमालाच्या डोक्यावरून बंब टेंभी नाक्यावरून निघाला तेव्हा वाटेतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला हात जोडले.

स्टेशनावरच्या पार्सलबाबूने हात जोडले नाहीत. तो चष्मा पुसत म्हणाला, "यंत्र की भांडं?"

"म्हणजे?"

"यंत्र असलं तर मालगाडीनं. मालगाडी आज नाही, सण आहे. भांडं असलं तर याच गाडीला, गार्डाच्या ब्रेकमध्ये. लवकर सांगा."

त्र्यंबकरावांनी मान वळवली. बाकावर दौलत तांबट बसला होता, नवा फेटा बांधून, सणाला कुठेतरी निघालेला. तो मन लावून आगगाडीचे रूळ पाहत होता.

उन्हे कलायला लागली होती. कल्याणला समया घासून ठेवल्या असतील. त्र्यंबकराव पुटपुटले, "भांडं."

"काय?"

"मोठ्यानं सांगा, रावसाहेब," दौलत रुळांवरची नजर न काढता म्हणाला. "बाबूंना जरा कमी ऐकू येतं."

"भांडं!" त्र्यंबकराव ओरडले. "भांडं आहे! भांडं!"

"मग मधे हे नळकांडं कशाला? विस्तव असतो का यात? विस्तवाची वस्तू गाडीत घेता येत नाही." बाबू वाकून पाहू लागला आणि त्याची नजर नारळावर गेली. मग पानांवर, कुंकवावर. "पूजेचं आहे?"

"आज अक्षय्य तृतीया आहे," त्र्यंबकराव म्हणाले. हे सर्वस्वी खरे होते. कोर्टात इतकी वर्षे काढून त्यांना एवढे कळत होते की खरे बोलावे आणि तिथेच थांबावे.

"अहो मग आधी नाही का सांगायचं!" बाबूने वहाणा काढल्या, बंबाला नमस्कार केला आणि दोन हमाल लावून तो ब्रेकमध्ये चढवून दिला.

कल्याणला छकडा घराशी थांबला तेव्हा ओसरी बायकांनी फुलून गेली होती. वाळ्याचा, मोगऱ्याचा आणि कैरीच्या डाळीचा वास येत होता. सगुणाबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या, आणि बायका कुंकू लावून घेता घेता त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर त्र्यंबकरावांनी छकड्यातूनच ओळखली. विमलाबाई कोपऱ्यात कोणाच्या तरी कानाला लागल्या होत्या. समयांच्या वाती नुकत्याच ओढून ठेवल्या होत्या, लावायच्या तेवढ्या बाकी होत्या.

त्र्यंबकराव उतरले. धोतरावर राख, कपाळावर काजळी, पगडी तिरपी. मागोमाग गाडीवानाने आणि मारुतीने उचलून बंब आणला आणि गौरीसमोर मधोमध ठेवला. मावळत्या उन्हात तांबे झळाळून उठले.

ओसरीवरच्या साऱ्या माना वळल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "अगं बया! उदककुंभ!"

अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान द्यायचा, हे पुण्य सर्वांना ठाऊक होते. ज्याची जशी ऐपत तशी मातीची घागर, फार तर तांब्याचा तांब्या. पण एवढा?

"जावई असावा तर असा," दुसरी म्हणाली. "म्हणून राव ठाण्याला राहिले होते होय? हे घडवून घ्यायला?" आणि सगळ्या नजरा सगुणाबाईंवरून उठून विमलाबाईंवर जाऊन बसल्या. विमलाबाईंनी तोंडात मोठा घास घेतला.

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की याचा डाख..."

"आई," सगुणाबाई एकदम म्हणाल्या. आवाज असा की मागल्या अंगणात ऐकू जावा. "इकडून म्हणणं होतं, मातीची घागर फुटते. तांब्याचं दिलं की तुला जन्मभर पुरेल."

त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिले. गालाला खळी पडली होती. त्यांनी बंबाकडे पाहिले. मग पुन्हा खळीकडे. आणि त्यांचे तोंड मिटले.

तेवढ्यात कोणीतरी पुण्य पुरे व्हावे म्हणून बंबात कळशी ओतली. क्षणभराने खालून एक धार निघाली आणि गौरीच्या आराशीकडे चालू लागली. बायकांनी पाय उचलले.

"गळतंय!" विमलाबाई आनंदाने म्हणाल्या.

सासूबाई हलल्यासुद्धा नाहीत. त्यांनी एकवार जावयाच्या कपाळावरची काजळी पाहिली, एकवार उकललेला सांधा पाहिला, आणि सगळे समजल्या. "गळायलाच हवं," त्या म्हणाल्या. "वैशाख लागला. तुळशीवर थेंब थेंब पाण्याची गळती धरायचीय मला महिनाभर. किती समजून केलंय बघा जावईबुवांनी. मारुती, तो कट्ट्यावर नेऊन ठेव, तुळशीच्या डोक्याशी."

मग समया लागल्या. त्र्यंबकरावांना पन्हे मिळाले. सगुणाबाईंनी महिनाभर माहेरपण केले, आणि त्यांना कोणीही परत चला म्हटले नाही, कारण ठाण्यात आता बघण्यासारखे काही राहिलेच नव्हते.

आषाढात मारुतीने कल्याणच्या तांबटाकडून डाख लावून घेतला आणि बंब मोरीत गेला. अक्षय्य तृतीयेला दिलेले परत मागता येत नाही. ते अक्षय्य असते. ठाण्यात पुन्हा चुलीवर हंडा चढला. महिपतराव कोमट पाण्यावर परतले आणि आपल्यामुळे एक घरफोडी टळली असे मरेपर्यंत सांगत राहिले.

पुढे दर वर्षी फाल्गुन लागला की त्र्यंबकरावच आधी विषय काढत. "यंदा गौरीला जायचं ना?" कल्याणला पोचले की पगडी खुंटीला लावायच्या आधी मोरीत डोकावत, छडीने बंबाच्या पोटावर हलकेच टिचकी मारत, आणि मारुतीला विचारत, आधी पाणी घालतोस ना रे?

आणि फाल्गुनात त्यांनी तसे विचारले की सगुणाबाई सुपातून मान वर न करता म्हणत, "जायचं खरं. पण घरच्या हंड्याचं काय करायचं? भरून ठेवायचा की रिकामा?"

"हंडा?" त्र्यंबकराव म्हणत. "त्याला काय विचारायचं? तो तर भांडं आहे!"